चुंबळीच्या मधली जागा

अक्का,

काल विलासने तुझे सगळे फोटो माझ्यापुढे ठेवले. तेराव्याला भिंतीवर तुझा एक मोठा फोटो लागावा, असे घरात ठरले आहे, आणि निवडीचे काम मामा म्हणून माझ्याकडे आले आहे. तुझा मुलगा मोबाईलवर एकामागून एक फोटो सरकवत गेला आणि शेवटी थकून म्हणाला, "मामा, आई एकाबी फोटूत सरळ बघत न्हाई. ज्यात बघतीया, त्यात ती लईच तरनी हाय. लोकं वळखायची न्हाईत."

मी त्याला उद्या सांगतो म्हणालो आणि नगरला, सावेडीतल्या घरी परत आलो. कोणता फोटो लावायचा हे मला तेव्हाच ठाऊक होते. पण त्याचे कारण विलासला सांगण्यापूर्वी ते तुला सांगायला हवे, असे वाटले. तू असताना ते सांगायचे राहून गेले.

तू आठवलीस की आधी पिवळा रंग येतो, मग तू येतेस. विहिरीच्या अलीकडचे ते झेंडूचे वाफे, दसऱ्याच्या आधीचे कोवळे ऊन, आणि फुलांनी शिगोशीग भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून चालणारी तू. पाटीखाली जुन्या लुगड्याच्या धडप्याची पिळून केलेली चुंबळ. फुलांवर पडलेले ऊन खाली उतरून तुझ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली रेंगाळत असे, आणि मला वाटे की ही बाई आतून उजळलेली आहे. पारनेरच्या त्या कोरड्या माळावर इतका ओला रंग दुसरा कुठला नव्हता. टेम्पो रस्त्यावर येऊन हॉर्न वाजवी, तू पाटी उतरवत असस, आणि चुंबळ मात्र डोक्यावरच विसरून परत येत असस. मुकुट घातल्यासारखी. मी हसलो की म्हणायचीस, "हस. तुला न्हाई मिळायचा असला."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि सुटीत तुझ्याकडे येऊन तुझी भाषा सुधारण्याचा उद्योग करीत असे. पानी नव्हे अक्का, पाणी. हाय नव्हे, आहे. तू शांतपणे फुले ओवत राहायचीस. एकदा फक्त म्हणालीस, "तू म्हन पाणी. तान भागली म्हंजी झालं." मी पुढे विज्ञानाचा शिक्षक झालो आणि तू मला नावाने हाक मारणे सोडून मास्तर म्हणू लागलीस. त्या एका शब्दात किती कौतुक होते आणि किती चेष्टा, याचा निवाडा मला आजवर करता आलेला नाही.

वर्षानुवर्षे मी फळ्यावर डोळ्याची आकृती काढत आलो आहे. बाहेरून आत येणारी किरणांची रेघ, भिंग, मागचा पडदा. पडद्याच्या मधोमध एक ठिपका, त्याच्यापासून बाण, आणि बाणाच्या टोकाशी वळणदार अक्षरात शब्द: पीतबिंदू. मुले वहीत उतरवून घेत. हा शब्द मला आवडत असे. तो फळ्यावर सुरेख दिसे. त्यापलीकडे त्याचा मी फारसा विचार केला नव्हता, हे आता कळते.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता तुझा फोन आला. गावात डोळे तपासणारे लोक येऊन गेले होते. तू सांगत होतीस की हार ओवताना या बाजूचे फूल दिसते, त्या बाजूचे दिसते, "पर जे हातात हाय ना मास्तर, तेच दिसत न्हाई. मधलं फूल कुनीतरी उचलून नेल्यावानी." तपासणाऱ्याने कागदावर काही इंग्रजीत लिहून दिले होते. विलासने तो कागद अक्षर अक्षर लावत वाचून दाखवला. मी शिक्षकांच्या खोलीत होतो. पुढच्या तासाची घंटा झाली होती. मी म्हणालो, "अक्का, तो पीतबिंदू आहे. पीतबिंदूचा त्रास आहे. नगरला दाखवायला लागेल. मी येतो, मग ठरवू." तू तो शब्द एकदा पुटपुटलीस. मला वाटले, तुला कळले. खरे म्हणजे मला तसे वाटलेही नाही. मी फोन ठेवला आणि तासावर गेलो.

मग सहामाही परीक्षा आली, पेपर आले, आणि मी येतो म्हणालेला माणूस एकदम भाऊबीजेलाच आला.

ती भाऊबीज मी किती वेळा पुन्हा जगलो असेन. पाटावर मी, समोर ताट घेतलेली तू, निरांजनाच्या उजेडात तुझा चेहरा. आणि तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. माझ्या खांद्यावरून, पलीकडच्या कोनाड्याकडे कुठेतरी पाहत होतीस. कुंकू लावताना तुझे बोट चुकले आणि टिळा भुवईच्या वर, एका बाजूला लागला. तू पुसून नीट केला नाहीस. ओवाळून झाल्यावर मान वळवलीस आणि कोनाड्याकडे पाहतच मला विचारलेस, "वाळलास व्हय रे?"

मी मनाशी म्हणालो, अक्का रुसली आहे. नगरला नेतो म्हणून नेले नाही, याचा हा राग आहे, आणि तो ती अशा रीतीने दाखवते आहे. मला अपराधी वाटायला हवे होते. थोडे वाटलेही, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते स्वतःचेच. इतक्या लांबून आलो आणि सख्खी बहीण तोंडाकडेही बघत नाही. मी जेवलो, दोन घटका बसलो आणि उजेडातच निघालो. तू दारापर्यंत आलीस. मी हात केला. तू केला नाहीस. मी तेही मनात ठेवले.

त्यानंतर सबंध हिवाळा मी तुला स्वतःहून फोन केला नाही. तुझा आला की नेमके, कोरडे बोललो. डोळ्यांचे काय, असे एकदा विचारले, तेव्हा तू म्हणालीस, "चाललंय. अजून टाइम हाय." मला वाटले, टोमणा आहे.

उन्हाळा लागता लागता विलासचा फोन आला. चुलीवरचे पातेले सरळ समोर असूनही तुला दिसले नाही, हात भाजला. तेव्हा कुठे मी गाडी काढली.

सावेडीतल्या त्या डॉक्टरीणबाई तुला आवडल्या. त्या माझ्याकडे न पाहता तुझ्याशी बोलत होत्या म्हणून असेल. त्यांनी तुझ्या डोळ्यांत थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावली, आणि मग पडद्यावर एक चित्र मोठे करून दाखवले. माणसाच्या नजरेच्या मधोमध एक पिवळा रंग असतो, त्या म्हणाल्या. तो बाहेरून येणाऱ्या उजेडातला निळा, बोचरा भाग स्वतःवर घेतो आणि आतल्या नाजूक जागेला सावली धरतो. बहुतेकांच्या डोळ्यांत तो मध्ये सर्वांत दाट असतो आणि कडेला विरत जातो. पण उतारवयात प्रत्येकाचे चित्र वेगळे दिसते. कुणाचा रंग मध्ये गच्च राहतो, कुणाचा पसरट होतो, कुणाचा मधून विरळ होऊन भोवती कडे राहते.

मला माझाही डोळा पाहायचा होता. नुसते कुतूहल, किंवा मास्तरकी. बाईंनी हसून तेही केले आणि दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली. माझ्या डोळ्यात मधोमध एक घट्ट पिवळा गोळा होता, न उमललेल्या झेंडूसारखा. तुझ्या डोळ्यात मधली जागा काळसर, रिकामी, आणि तिच्या भोवती फिकट पिवळे कडे. एकाच आईच्या दोन लेकरांचे डोळे. तू मान एका बाजूला कलती केलीस, पडद्याच्या पलीकडे भिंतीवर नजर लावलीस, थोडा वेळ तशीच राहिलीस आणि म्हणालीस, "ही तर चुंबळ हाय."

डॉक्टरीणबाईंना त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागला. ओझे डोक्याला लागू नये म्हणून ठेवायचे कापडाचे कडे. त्या म्हणाल्या, आजी, अगदी बरोबर, हा रंगही तेच काम करतो. तू म्हणालीस, "मग मधी भोक असनारच की, बाई. बिनभोकाची चुंबळ कुनी बघितली?" आणि तुझ्या बोलण्यावर तूच इतकी हसलीस की बाहेर बसलेली माणसे डोकावली.

मग तू तो प्रश्न विचारलास.

"पर मग पिकला का न्हाई अजून?"

बाईंना कळले नाही. काय पिकला, त्यांनी विचारले. तू माझ्या दिशेने हात करून सांगितलेस, "ह्यानं सांगितलं हुतं ना फोनवर. पित्तबिंदू. म्हनलं पिकंल, मंग काढू. मोतीबिंदू न्हाई का पिकल्यावर काढत. तवर पित्त वाढू नये म्हनून मी आवळा खाती, मेथी सोडली, सगळी उष्न भाजी सोडली. तरी पिकंना."

अक्का, त्या खोलीत पंखा फिरत होता आणि मला फक्त त्याचा आवाज येत होता. पीत म्हणजे पिवळा, हे तुला कुणी सांगितले नव्हते. पित्त तुला ठाऊक होते. बिंदू म्हणजे ठिपका, हेही तुला कुणी सांगितले नव्हते. पण आपल्या आईचा मोतीबिंदू पिकेपर्यंत घरात सगळ्यांनी कशी वाट पाहिली, हे तुला ठाऊक होते. माझ्या शब्दाचे दोन्ही तुकडे तुला तुझ्या परीने कळले होते. जो मुळी पिकत नाही, जो असायलाच हवा, जो काढायचा नसून राखायचा असतो, तो पिकण्याची तू पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत धीराने वाट पाहत होतीस. "अजून टाइम हाय" हा टोमणा नव्हता.

मी बाईंना बाहेर गाठून विचारले, आधी आणले असते तर काही उपयोग झाला असता का. त्या खोटे दिलासे देणाऱ्यांतल्या नव्हत्या. हा झिजण्याचा प्रकार आहे, म्हणाल्या, थोडे सावरता आले असते की नाही, हे आता खात्रीने सांगता येणार नाही. रंग विरळ झाला म्हणून नजर गेली, असेही सरळ म्हणता येत नाही. मधली जागा झिजत गेली आणि तिच्याबरोबर तिथला रंगही गेला असावा. मला एक स्पष्ट उत्तर हवे होते, होय किंवा नाही. ते मिळाले नाही, आणि आता कधीच मिळणार नाही. त्याच्याबरोबर राहायला मी हळूहळू शिकतो आहे.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अगदी सहज, पावती पुढे सरकवावी तशी. तुमच्या बहिणीच्या समोर बसू नका. समोरचे त्यांना दिसत नाही. त्यांच्या नजरेची कड अजून चांगली आहे, म्हणून एखाद्याला बघायचे असेल तर त्या नजर बाजूला नेतात. तुमच्याकडे बघत नाहीत असे वाटेल तेव्हा समजा, की त्या तुमच्याकडेच बघताहेत.

मी तिथेच, औषधांच्या काउंटरपाशी, भिंतीला टेकून उभा राहिलो. कोनाडा. खांद्यावरून पलीकडे गेलेली तुझी नजर. भुवईवर लागलेला टिळा. "वाळलास व्हय रे?" जी माझ्याकडे बघत नव्हती, तिने मी वाळलेला पाहिला कसा, हा साधा प्रश्न विज्ञानाच्या शिक्षकाला सबंध हिवाळ्यात एकदाही पडला नाही.

परतताना तू गाडीत माझ्या शेजारी होतीस. भाळवणी मागे पडल्यावर मी बोलायला सुरुवात केली. तो शब्द मी नीट समजावून सांगायला हवा होता, चूक माझी आहे. तू मला पुरते बोलूही दिले नाहीस. "आरं गप. शब्द तुझा चांगलाच हुता. लई मोठा हुता. माझ्या पदरात मावला न्हाई, एवढंच." मग थोड्या वेळाने, "मेथी खाऊ ना मग आता?" खा म्हणालो. बाईंनी सांगितले होते की डोळ्यातला तो पिवळा रंग पालेभाज्यांतून येतो आणि झेंडूच्या पाकळ्यांतही तोच असतो. त्यांच्यापासून काढून गोळ्यांत घालतात. मी ते तुला सांगितले. खिडकीतून येणारे ऊन तुझ्या हातावरच्या भाजल्याच्या खुणेवर पडले होते. "म्हंजी माझ्याच डोळ्यातला रंग मी पाट्या भरभरून नगरला धाडला म्हन की." तू हसत होतीस. मला हसता आले नाही.

शब्दाबद्दल मी क्षमा मागितली, निदान मागू लागलो. पण त्या हिवाळ्याबद्दल नाही मागितली. तू रुसली आहेस असे समजून मी तुझ्यावर रुसलो होतो, हे तुला कधीच सांगितले नाही. सांगितले असते तर तू हसली असतीस आणि चार घरी सांगत फिरली असतीस. हे माहीत असूनही जीभ उचलली नाही. माणूस मोठ्या चुकीची कबुली देतो आणि क्षुद्र चुकीची झाकून ठेवतो, कारण क्षुद्र चूकच त्याच्यासारखी दिसते.

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. मी पीतबिंदू म्हणत राहिलो आणि तू चुंबळ. शेवटपर्यंत. "आज माझी चुंबळ बरी हाय, तुझं डोकं दिसतंय." मी म्हणायचो, अक्का, चुंबळ हा काही शास्त्रीय शब्द नव्हे. तू म्हणायचीस, "शास्त्राला सांग, एकदा पाटी उचल म्हनावं." परवा वर्गात आकृती काढताना मी बाणाच्या टोकाशी शब्द लिहिला आणि खडू हातात धरून थांबलो. एका मुलीने विचारले, सर, पीत म्हणजे काय? इतक्या वर्षांत हे कुणी विचारले नव्हते, की विचारले होते आणि मी ऐकले नव्हते, कोण जाणे. मी तो सबंध तास त्या एका शब्दावर घालवला.

हल्ली दुपारी जरा डोळा लागला की मी तुझ्या वाफ्यांत असतो. चहूबाजूंनी झेंडू, विहिरीचा काठ, दूरवर टेम्पोचा हॉर्न, सगळे लख्ख, पाकळी न् पाकळी मोजता येईल इतके. फक्त मधोमध, जिथे तू असायला हवीस, तिथे काही नाही. मी त्या जागेकडे टक लावून पाहतो आणि ती अधिकच रिकामी होते. मग, स्वप्नातच, मला डॉक्टरीणबाईंचे बोलणे आठवते. मी नजर बाजूला नेतो, विहिरीकडे, बांधाकडे. आणि नजरेच्या कडेला तू येतेस, डोक्यावर चुंबळ विसरून, हनुवटीखाली पिवळे ऊन घेऊन. तिकडे वळायचे नाही, एवढे मात्र सांभाळावे लागते. तू मला कशी पाहत होतीस, ते मी आता शिकतो आहे.

गेल्या भाऊबीजेला मी समोर बसलो नाही. पाट तिरका ठेवला, तुझ्या उजव्या हाताला. तू अंगठ्याने माझे कपाळ आधी चाचपलेस, भुवयांच्या मधली जागा शोधलीस, आणि मग कुंकू लावलेस. टिळा अगदी मध्ये लागला. तुझी नजर कोनाड्यात होती आणि मला पहिल्यांदाच कळत होते की मला कुणीतरी इतका वेळ, इतके निरखून पाहते आहे. मला संकोच वाटला. मी मान खाली घातली.

तर फोटो.

मी सांगतो तो त्या गेल्या भाऊबीजेच्याही आधीचा, दसरा जवळ आला असतानाचा, वाफ्यातला. तू फुले तोडत नव्हतीस, बोटांनी चाचपून पाहत होतीस, कुठली भरली आहेत ते. विलास म्हणतो तसे त्यात तुझे तोंड विहिरीकडे आहे. तिथे विहिरीशिवाय काही नाही, आणि विहीर काही तू पाहत नव्हतीस. मोबाईल धरून मी उभा होतो, आणि सवयीने, सगळे ठाऊक असूनही, शहाणपणाने म्हणालो होतो, "अक्का, इकडे बघ ना."

उद्या सकाळी विलासला हे सगळे सांगेन. फोटो भिंतीवर लागेल, त्याला झेंडूचा हार चढेल, आणि येणारी माणसे म्हणतील की बाईंचे लक्ष दुसरीकडेच आहे. विलास सांगेल त्यांना. मी असेन तर मी सांगेन, की तो फोटो काढताना तू काय उत्तर दिले होतेस. मान विहिरीकडे, हात झेंडूत, आणि जराशी वैतागून:

"बघतीया की."